उताराखालचं घर

१२ मार्च

आई, नमस्कार.

फोन नको, पत्रच लिही, असं तुम्ही बजावून गेलात ते बरंच झालं. परवा फोनवर मी ओरडत होते, तुम्ही नुसतं "काय? काय?" करत होता, आणि वन्संच्या अख्ख्या इमारतीला कळलं की आपल्या घरातल्या मोरीचा नळ गळतो. वन्संकडे निरोप द्यावा, तर त्या अर्धा सांगतात आणि अर्धा गिळतात.

तर खबर अशी, की उतारावरच्या तुकड्याचं काम मी एकटीने उरकलं. तुमचे चिरंजीव ट्रक घेऊन लांबच्या फेरीवर गेलेत, त्यांची वाट बघत बसले असते तर हंगाम निघून गेला असता. ट्रॅक्टरवाल्याकडून आधी नांगरून घेतलं, मग रोटाव्हेटर उभा-आडवा फिरवला. माती अशी झालीय की मुठीत धरली तर बोटांतून गळते, अगदी पिठासारखी. औषधाला ढेकूळ सापडणार नाही. गाजराचं बी इतकं बारीक असतं, त्याला अशीच माती हवी, असं बियाण्याच्या दुकानदारानेही सांगितलं.

खालच्या कडेचा गवताचा पट्टाही मोडला. ट्रॅक्टर वळवायला अडचण व्हायची, आणि तिथे नुसते उंदीर. आता वरपासून खाली पायथ्याच्या काकूंच्या कुंपणापर्यंत एकच स्वच्छ रान दिसतं. उद्या पेरते.

ऑपरेशननंतर तुमचा खुबा कसा आहे? काठीने चालता का? काकू विचारत होत्या.

तुमची,
सूनबाई


१७ मार्च

सूनबाई,

आशीर्वाद. तुझं पत्र वाचता वाचता चहा गार झाला.

माती पिठासारखी झाली हे तू कौतुकाने लिहिलंस आणि मी कपाळाला हात लावला. पिठावर पाणी शिंपडलं तर ते आत जातं का? वरचा थर चिकट होतो आणि आतलं कोरडंच राहतं. मातीचंही तसंच. उघड्या रानावर जोराचा पाऊस पडला की थेंब म्हणजे मुसळाचा घाव. मोकळी माती फुटते, तिचा गाळ होतो, तो गाळ सगळ्या बारीक भोकांत जाऊन बसतो. पुढचं पाणी मग आत शिरायला वाट शोधतं, ती सापडत नाही, आणि उतार तर समोर असतोच. ढेकळं ठेवणं हा अडाणीपणा नसतो. ढेकळाआड पाणी क्षणभर थांबतं आणि जिरतं.

आणि गवताचा पट्टा मोडलास? तो काय शोभेला होता? त्या उताराखाली कोण राहतं? धाकटी राहते. आम्ही दोघी जावा, वाटणीपासून आमचं जेवढ्यास तेवढं बोलणं आहे, तिने आपल्या वाट्याची जमीन विकली ते मला आजही पटलेलं नाही. पण घर तिचं उताराच्या पायथ्याशी आहे, आणि ती तिथे एकटी असते.

आता पेरून झालं असेल. निदान गोठ्यातला पेंढा नेऊन रानावर पसर. पातळ का होईना, अंगावर काहीतरी असू दे. खालच्या कडेला जाड थर टाक. आणि हे लगेच कर.

माझी काळजी करू नकोस. काठीने चालते. पुढच्या महिन्यात येतेच आहे.

आई


२२ मार्च

आई, नमस्कार.

पत्र मिळालं. पेंढा पसरला. वारा सुटला आणि त्यातला निम्मा उडून काकूंच्या अंगणात गेला. काकूंनी निरोप पाठवला, की फुकटचा चारा मिळाला खरा, पण मी गाय नाही.

एक लिहिते, राग मानू नका. या घरात आल्यापासून बघते, मी काही केलं की तुम्हाला आधी त्यातली चूक दिसते आणि मग काम दिसतं. आकाश स्वच्छ आहे. शेजारच्या रानातही हेच रोटाव्हेटर फिरलं, तिथे कुणी कपाळाला हात लावला नाही. गाजरं आली की पहिली टोपली तुमच्याकडे पाठवीन.

सूनबाई


२९ मार्च

आई,

पाऊस झाला. काल दुपारी आला. मी भांडी घासत होते आणि पत्र्यावर असा आवाज झाला, की कुणी वरून खडी ओतली. खिडकीतून समोरची विहीर दिसेना.

तुम्ही म्हणाला होतात तसंच झालं. हे लिहायला मला जड जातंय, पण लिहिते. सुरुवातीला माती पाणी पीत होती. थेंब पडला की मातीचे कण गुडघ्याइतके उंच उडत होते. मग अचानक सगळं रान चकाकायला लागलं, ओल्या पाटीसारखं. तेव्हापासून एक थेंब आत गेला नसेल. आधी पातळ पाणी सरकत होतं, मग त्याचे ओघळ झाले, ओघळ एकमेकांना मिळाले. पाण्याचा रंग गूळ विरघळावा तसा होता.

आज ऊन पडलंय. रानावर सगळीकडे टणक पापडी धरली आहे. बोटाने टोचली तर नख दुखतं. कडेने उचलली तर खापरीसारखी सुटते, आणि खाली माती कोरडी आहे. एवढा पाऊस झाला, तरी खाली कोरडी! बी त्या पापडीखाली अडकलं आहे. एके ठिकाणी उकरून बघितलं, पांढरा कोंब वर आलाय, पण डोकं आपटून आडवा वळलाय.

काय करू ते सांगा. बाकी सगळं ठीक आहे.

सूनबाई


२ एप्रिल

सूनबाई,

रडत बसू नकोस. पापडी धरली म्हणजे पीक गेलं असं नाही. ती दगड व्हायच्या आत फोडायची. जड काही नेऊ नकोस, रानात गर्दी करू नकोस, पाय पडेल तिथे माती आणखी दाबली जाते. हलका दाताळा घे आणि वरच्या वर ओढ, बोटाच्या पेराइतकाच. कोंबाला वाट मिळाली पाहिजे, बी उखडता कामा नये. सकाळचं दव असतं तेव्हा कर, माती ऐकते. नांगर मात्र शेताला लावू नकोस, काही झालं तरी. पेरलेलं रान उलटं करायचं नसतं.

"बाकी सगळं ठीक आहे" हे वाक्य मी परत परत वाचलं. तू ओघळांचं लिहिलंस, रंगाचं लिहिलंस, पाणी कुठे गेलं ते लिहिलं नाहीस. उतारावरून सुटलेलं पाणी हवेत विरत नाही. धाकटीच्या दारापर्यंत गेलं का?

आई


३ एप्रिल

जाऊबाईंना नमस्कार.

पत्र बघून दचकाल. मीही लिहिताना दचकतेच आहे. तुमची सून तुम्हाला खरं सांगणार नाही, कारण तुम्ही तिकडे उठून बसाल आणि खुबा पुन्हा मोडून घ्याल, अशी तिला धास्ती. मी तुमची सून नाही, त्यामुळे सांगते.

त्या दुपारी मी मागच्या खोलीत तांदूळ निवडत बसले होते. आधी दाराखालून पाणी आलं. म्हटलं, फडकं लावावं. फडकं आणेपर्यंत पाण्याच्या जागी चिखल आला. दाट, गार, आमटीसारखा नव्हे हो, सिमेंट कालवतात तसा. त्या खोलीला दार एकच, तेही बाहेर उघडतं, तुम्हाला ठाऊक आहे. बाहेरून चिखलाचा भार, आतून माझं वजन ते किती. दार हललं नाही. घोट्यापर्यंत होतं ते गुडघ्यापर्यंत आलं. मी खाटेवर चढले तर खाटच सरकायला लागली. आयुष्यात पहिल्यांदा मला असं वाटलं, की आपण इथेच, या खोलीत, मातीत पुरले जाणार.

तुमची सून खिडकीतून आली. गज जुने होते, तिने पहारीने उचकटले. मला म्हणाली, काकू, माझ्या गळ्यात हात टाका आणि बोलू नका. मी बोलले नाही, हे तुम्हाला खोटं वाटेल. बाहेर ओढताना माझं मनगट मुरगळलं, तेवढंच. तिच्या दंडाला गजाने लांब चीर पडली आहे, ती तिने तुम्हाला लिहिली नसणार.

तेव्हापासून मी वर तुमच्या घरी आहे. तुमच्या खोलीत झोपते. उशी बदलली नाही.

आता खरी गोष्ट. परत मोठा पाऊस येतोय, असं रेडिओवर रोज सांगतात. आधीच्यापेक्षा मोठा म्हणतात. रानाला झाकण बसलेलं आहे, म्हणजे यावेळी पहिल्या सरीपासूनच सगळं खाली. माझ्या घरातला चिखल आम्ही अजून उपसतोच आहोत, मागची भिंत ओली आहे आणि तिला तडा गेलाय. तुमची सून दिवसभर उतारावर उभी असते. तुम्ही तिला काही लिहाल तर जपून लिहा.

धाकटी


६ एप्रिल

आई,

काकूंनी पत्र टाकलं ते मला नंतर कळलं. मी लपवलं, आता सगळं लिहिते.

तुमचं पत्र आज सकाळी आलं. दाताळा मी कालच काढला होता. वरच्या कोपऱ्यात थोडी पापडी फोडून बघितली. तुम्ही सांगितलंत ते खरं आहे, कोंब सरळ झाले. सगळं रान तसं केलं असतं तर गाजरं आली असती. हे मला माहीत होतं, हे आधी सांगते.

पण दाताळ्याने फक्त वरची कातडी फुटते. पुन्हा तसा पाऊस आला असता, तर ती परत धरली असती, आणि पाणी काकूंच्या त्याच भिंतीवर गेलं असतं, जिच्याआड त्या अजून दिवसभर चिखल उपसत असतात. पेंढा उरलेला नाही. गवत एका आठवड्यात उगवत नाही. मी ट्रॅक्टरवाल्याला विचारलं, पाणी उतारावरच अडवायला काय करता येईल. तो म्हणाला, आडवं खोल नांगरायचं, मोठी ढेकळं उताणी पाडायची, प्रत्येक तासात, म्हणजे नांगराच्या चरात, पाणी थांबतं. मग माझ्याकडे बघून म्हणाला, पण वहिनी, पेरलंय ना तुम्ही?

तुमच्या पत्रात लिहिलंय, काही झालं तरी नांगर लावू नकोस. मी ते वाक्य वाचलं, पत्र घडी करून डब्यात ठेवलं आणि त्याला म्हटलं, लाव.

तुम्हाला वन्संच्या फोनवर विचारता आलं असतं. तुम्ही "नको" म्हणाला असतात आणि माझा धीर सुटला असता. म्हणून विचारलं नाही.

तो ट्रॅक्टरवर, आणि मी पुढे चालत होते, तास उताराला आडवं पडतंय ना हे बघायला. पापडीचे तुकडे उलटे होऊन पडत होते आणि त्यांच्या खालच्या बाजूला ते पांढरे कोंब चिकटलेले दिसत होते. मी बघायचं नाही असं ठरवलं होतं. बघितलं. काकू बांधावर येऊन बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, थांबव गं, माझं घर काय, पुन्हा सारवता येईल. मी म्हटलं, काकू, घराचं नाही बोलत मी.

रान आता भयंकर दिसतंय. काळे ढग पश्चिमेकडून जमले आहेत. आता पाऊस यायचाच.

सूनबाई


१५ एप्रिल

आई,

पाऊस आला नाही.

ढग आले, अंधारलं, वारा सुटला. आम्ही काकूंचं सामान माळ्यावर चढवलं. दोन-चार थेंब पडले आणि सगळं डोंगरापलीकडे निघून गेलं. तिकडे म्हणे रस्ता वाहून गेला. इकडे दुसऱ्या दिवशी कडक ऊन.

बियाण्याच्या दुकानात कुणी काही बोलत नाही, आणि मी बाहेर पडले की सगळेच बोलतात. तुमच्या चिरंजीवांचा फोन आला होता. ते रागावले नाहीत. नुसतं म्हणाले, "जरा थांबायला हवं होतंस." रागावले असते तर बरं झालं असतं, मी उलट बोलले असते.

तुमचं पत्र नाही. मी रोज पोस्टमनची वाट बघते आणि तो दिसला की आत जाते. काय लिहायचं असेल ते लिहा. शिव्या द्या. पण लिहा.

सूनबाई


२० एप्रिल

सूनबाई,

पत्र लिहायला बसले की हात थांबायचा. राग आला होता, खोटं कशाला बोलू. मी नको म्हटलेलं असताना तू नांगर लावलास. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, कुणावर एवढे दात खाताय? खाट म्हणजे तुझ्या वन्संच्या घरातली नव्हे, हॉस्पिटलमधली. तेही आता सांगते. खुबा नीट बसला नव्हता, तो पुन्हा उघडावा लागला. मी काठीने चालते हे मीच रचलेलं. घरात लपवालपवी करणारी तू एकटी नाहीस.

पडल्या पडल्या मी तुझ्या जागी स्वतःला उभं करून बघितलं. मी काय केलं असतं? मी थांबले असते. दाताळा ओढला असता, आकाशाकडे बघितलं असतं, आणि म्हटलं असतं, नाही येणार. माझं खरं झालं असतं, गाजरं वाचली असती, आणि गावभर माझ्या अनुभवाचं कौतुक झालं असतं. पण ढग डोंगराच्या कुठल्या बाजूने गेला, एवढ्यावर ते शहाणपण उभं होतं. तो अलीकडून गेला असता तर धाकटी आज नसती. पाऊस आला नाही म्हणून तुझं चुकलं असं होत नाही, हे मला उमजायला वेळ लागला. लोकांना आणखी लागेल. तू वाट बघू नकोस.

डॉक्टर म्हणतात, मी चालेन, पण चढ चढणार नाही. आपलं घर वर, पायऱ्या त्या तशा, आणि शेत त्याहून वर. मी ऐकून घेतलं. नंतर भिंतीकडे तोंड करून रडले, हे फक्त तुला.

त्या रानात आता काय घ्यायचं? मी सांगत नाही, विचारते. तुझ्या मनात काय आहे?

आई


१८ मे

आई, नमस्कार.

तुमचं पत्र मी काकूंना वाचून दाखवलं. भिंतीकडे तोंड करून वगैरे गाळून.

वरच्या निम्म्या उतारावर चाऱ्याचं पीक पेरलंय, दाट. ते पावसाळाभर जमीन झाकून ठेवील. खाली गवताचा पट्टा परत लावला, पूर्वीपेक्षा रुंद. ट्रॅक्टरवाला कुरकुरला, मी म्हटलं, वळायला तू शीक. मधला तुकडा ढेकळांसकट तसाच ठेवला आहे, त्यात शेंगभाजी टोकणार. गाजर यंदा नाही. तेवढा तोटा अंगावर घेतला आहे, कपडे शिवायचं मशीन काढलंय आणि तुमचे चिरंजीव आणखी एक फेरी घेतायत.

परवा पाऊस झाला. आधीच्याइतका नाही, पण थट्टाही नव्हती. मी छत्री टाकून वर पळाले. तासांत पाणी साचत होतं, भरत होतं, एका तासातून दुसऱ्यात सांडत होतं, आणि प्रत्येक ठिकाणी थोडं कमी होत होतं. कडेला दोन तासं फुटली, तिथून गढूळ पाणी खाली गेलं. म्हणजे सगळं जमलं असं नाही. काकूंच्या मागच्या दाराच्या उंबऱ्याला लागून पाणी वाहिलं, आत आलं नाही. फुटलेल्या ठिकाणी मी आता दगड रचते आहे.

आता काकूंचं म्हणणं लिहिते, त्यांनी लिहून घ्यायला लावलंय. त्यांचं घर सपाटीवर आहे, एकही पायरी चढायची नाही. भिंत बांधून झाली, दार आतल्या बाजूला उघडेल असं करून घेतलं. जाऊबाईंनी तिथे राहावं, असं त्या म्हणतात. "बोलायचं नसेल तर नका बोलू, मी दोघींच्या वाटचं बोलेन," हे शब्द त्यांचे.

माझी मात्र झोप उडाली आहे. तुम्ही तिथे राहिलात तर उताराखाली तुम्ही दोघी असणार. एकीचं मनगट कमजोर, एकीला पळता येत नाही. आणि वर रान माझ्या हातात. मी तुम्हाला या म्हणू शकत नाही आणि येऊ नका असंही म्हणवत नाही. तुम्हीच ठरवा.

सूनबाई


२४ मे

सूनबाई,

तुझ्या नवऱ्याला सांग, पुढची फेरी इकडची घे. मला उचलून चढव, ट्रकमध्ये पुढे बसेन.

धाकटीला सांग, मी येते. खाट मागच्या खोलीत लाव, उताराकडच्या खिडकीपाशी. गज नवे बसवू नकोस.

दगड रचते आहेस ते ठीक. त्यांच्या वरच्या बाजूला काट्याकुट्यांचा भारा टाक, गाळ तिथे अडेल. बाकीचं तू जाणतेस.

पाऊस आला तर मला उठून पळता यायचं नाही. वर तू आहेस, म्हणून येते.

आई